अर्धा बुधवार

खुर्चीवर बसले आणि गुडघे आपटले नाहीत. एवढंच झालं. बुधवारी दुपारी बारा वाजता मी या खुर्चीवर बसते तेव्हा ती खाली गेलेली असते, कारण सोमवारपासून तिच्यावर मार्लिन बसलेली असते आणि मार्लिन चार फूट अकरा इंच आहे. मी बसते, माझे लांब पाय दुमडतात, गुडघे टेबलाच्या खणावर आपटतात, मी शिवी हासडते, मार्लिन हसते, मी खुर्चीची दांडी ओढून ती वर करते. अकरा वर्षं. आज खुर्ची माझ्या उंचीला होती. बरोब्बर माझ्या उंचीला. दांडी किती ओढायची ते माहीत असलेल्या माणसानं वर केलेली. आणि मार्लिन नव्हती. तिचा लोकरी कोट खुंटीवर नव्हता, तिच्या बर्फातल्या बुटांखालचं ओलं वर्तमानपत्र घडी करून टोपलीत टाकलेलं होतं. आमची निळी वही टेबलाच्या मधोमध, बंद. मी बाहेरून उणे एकतीस अंशांच्या थंडीतून आलेले, नाक बधिर, चष्म्यावर वाफ. तशीच बसून राहिले. माझे गुडघे दुखत नव्हते आणि त्याचाच मला संताप आला.

संताप हल्ली मला कशाचाही येतो. नोव्हेंबरपासून येतो. नोव्हेंबरात टोरांटोच्या मुख्य कचेरीतून पत्र आलं. मार्लिनला एक, मला एक, शब्दाशब्दाला सारखी. दरवाज्यावरच्या कार्ड-यंत्राच्या नोंदीनुसार आपण कामाच्या दिवसांपैकी पन्नास टक्के दिवस गैरहजर आहात. गैरहजर! आम्ही दोघी मिळून एक नोकरी करतो. सोमवार, मंगळवार आणि बुधवारची सकाळ तिची; बुधवारची दुपार, गुरुवार, शुक्रवार माझे. टेबल एक, फोन एक, पगार एक, तो अर्धा अर्धा. विनिपेगमधल्या सहाशे दहा लिफ्टांची देखभाल आमची कंपनी करते. कुठली लिफ्ट कधी बंद पडली, कुठला मेकॅनिक कुठे पाठवायचा, कुणाला आधी, कुणाला थांबायला सांगायचं, हे सगळं या टेबलावरून चालतं. अकरा वर्षांत या टेबलाचं काम एक दिवस थांबलेलं नाही. माझं पित्ताशय काढलं तेव्हा मार्लिननं तीन आठवडे माझे दिवस भरले. तिची आई मनिलात वारली तेव्हा मी तिचे. बाकीच्या कचेरीत कुणी आजारी पडलं की बदली माणूस आणा, त्याला शिकवा, त्याच्या चुका निस्तरा. आमच्यासाठी कधी कुणाला काही आणावं लागलं नाही. एका पगारात कंपनीला दोन डोकी मिळाली आणि ती डोकी कधी थकलेली मिळाली नाहीत, कारण शुक्रवारी मी विटून जायच्या आत माझा आठवडा संपलेला असायचा आणि सोमवारी मार्लिन ताजीतवानी यायची. हे यंत्राला दिसत नाही. यंत्राला दोन बायका दिसतात आणि दोघी अर्ध्या दिसतात.

पहिल्यांदा आम्ही हसलो. मार्लिन म्हणाली, "आयरीनताई, आपण दोघी अर्ध्या अर्ध्या गैरहजर, म्हणजे मिळून एक अख्खी बाई कुणी पाहिलीच नाही म्हण की." तिच्या देशात वयानं मोठ्या बाईला बहीण मानून हाक मारायची पद्धत आहे, ती पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणते, मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही उत्तर लिहिलं. मग दुसरं. डिसेंबरात टोरांटोची एक बाई आमच्याशी पडद्यावर बोलली. तिच्यामागे सोफा होता, सोफ्यावर कुत्रा, कुत्र्याच्या तोंडात मोजा. ती तिच्या घरातून आम्हाला समजावत होती की माणसांनी एकत्र कचेरीत बसण्याला पर्याय नाही. मार्लिननं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, मी गप्प बसावं म्हणून. तो मोजा मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. आमचा मॅनेजर ग्रेडन पेल दर शुक्रवारी त्याच्या तळ्याकाठच्या बंगलीतून काम करतो. फोनवर मागे लाकडं फोडल्याचा आवाज येतो. त्याला कुणी गैरहजर म्हणत नाही, कारण त्याच्या पातळीच्या माणसांना कार्ड लावावं लागत नाही. आणि याच कंपनीनं सात वर्षांपूर्वी आमचा फोटो काढून खालच्या दालनात लावला होता. मी आणि मार्लिन एकाच खुर्चीच्या दोन बाजूंना, खोटं हसत. खाली मोठ्या अक्षरांत: लवचीक वेळ, आनंदी माणसं, भक्कम कंपनी. तो फोटो पाहून लोक इथं नोकरीला आले. ग्रेडनसुद्धा मुलाखतीला आला तेव्हा त्या फोटोसमोरच बसला असेल.

मागच्या बुधवारी ग्रेडन आला, बारा वाजता, आम्ही दोघी असतो त्या अर्ध्या तासात. तो वाईट माणूस नाही, हे मी म्हणते तेव्हा मला माझाच राग येतो. सदरा नीट इस्त्रीचा, हातात कॉफी, उभ्यानंच बोलला. "हे बघा, चूक यंत्राची आहे, मला मान्य आहे. मी वर भांडलो तुमच्यासाठी. पण नव्या कॉम्प्युटरमध्ये एका जागेला एकच नाव बसतं. पाच दिवस, एक नाव. दोघींनी हा फॉर्म भरा, पुढच्या बुधवारी पाच वाजेपर्यंत. जिचा निवडला जाईल तिची जागा." मार्लिननं विचारलं, "आणि दुसरीचं?" तो म्हणाला, "दुसरीला आम्ही खूप चांगलं पत्र देऊ." मार्लिन म्हणाली, "पत्र." बस्स, एवढंच म्हणाली, आणि आमचं सूप गार होत होतं ते ढवळायला लागली. बुधवारचं सूप आम्ही आळीपाळीनं आणतो. त्या दिवशी तिचं होतं, आल्याचं, कोंबडीचं. ग्रेडन गेल्यावर आम्ही ते प्यायलो आणि लिफ्टांबद्दल बोललो. एकमेकींकडे पाहिलं नाही. फॉर्मबद्दल एक अक्षर नाही.

मला सोमवार-मंगळवार मोकळे हवेत ते स्टेफनसाठी. स्टेफन माझा भाऊ, सत्तेचाळीस वर्षांचा, आणि त्याला एकट्याला घरात ठेवता येत नाही. बुधवारी दुपारपासून शुक्रवारपर्यंत तो एका बेकरीत खोकी दुमडतो, तिथे त्याच्यावर लक्ष ठेवायला माणसं आहेत. सोमवारी आम्ही पोहायला जातो. तो पाण्यात शिरताना दरवेळी माझा दंड धरतो आणि सांगतो, "आज सोमवार. सोमवार आपला." मंगळवारी पिरोगी करतो, बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या; पीठ मी लाटते, कडा तो दाबतो, काट्यानं, एक एक करून, जीभ बाहेर काढून. आई गेली तेव्हा मी पूर्ण वेळ कामावर होते आणि तो दोन वर्षं सेलकर्कला, अशा माणसांना सांभाळणाऱ्या एका गृहात राहिला. तिथे त्याला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त तो बोलायचा थांबला. भेटायला गेले की खिडकीशी बसलेला असायचा आणि माझ्या कोटाचं बटण पिळत राहायचा. मग मार्लिन भेटली. तिलाही अर्धीच नोकरी हवी होती. तिचा नवरा रे ट्रक चालवतो, रेजायना, कॅलगरी, तिथून पुढे. घरी असतो तो गुरुवार-शुक्रवार. तेवढे दोन दिवस ती त्याला जेवू घालते, त्याच्याशी भांडते, दोघं दुपारी दोन वाजता पडदे ओढून झोपतात, असं ती मला न लाजता सांगते. "ताई, माझं लग्न गुरुवारी असतं," म्हणते. स्टेफनला मी घरी आणलं ते आमची नोकरी वाटली गेल्याच्या पहिल्या महिन्यात. बोलायला त्याला आणखी पाच महिने लागले. पहिला शब्द काय होता, तर "पाणी".

तर शुक्रवारी मी तो फॉर्म भरायला घेतला. कचेरी अर्धी रिकामी, ग्रेडन तळ्याकाठी. पहिला प्रश्न: पाच दिवस प्रत्यक्ष हजर राहू शकाल का? मी 'हो' वर खूण केली. सकाळीच मी सेलकर्कला फोन करून जागेची चौकशी केली होती, तिथल्या बाईनं मला ओळखलं, "स्टेफन ना? बटणवाला?" म्हणाली. दुसरा प्रश्न: या पदावरील आपली वैयक्तिक कामगिरी लिहा. इथं मी अडले. मी वह्या काढल्या. अकरा वर्षांच्या निळ्या वह्या, खालच्या खणात, एकोणीस आहेत. दर पानावर माझं उभं अक्षर आणि तिचं गोल, आणि तिच्या हिरव्या पेन्सिलीच्या खुणा. मी यादी केली की ती तपासते, तिनं केली की मी. चूक सापडली तर दुरुस्त करायची, बोलायचं नाही. कुणी चुकलं ते विचारायचं नाही. हा आमचा पहिल्या आठवड्यातला ठराव. त्या पानांतून मी माझं वेगळं काढायला बसले. जुन्या लिफ्टांचे भाग आधीच मागवून ठेवायची कल्पना कुणाची? माझ्या अक्षरात होती, पण वरच्या पानावर तिचा प्रश्न होता, त्यातून निघालेली. मेकॅनिकांच्या फेऱ्या भागांनुसार वाटायच्या, ती कुणाची? अर्धं वाक्य तिचं, अर्धं माझं. मी सगळ्यापुढे आयरीन लिहिलं. घरात वाटणी होताना भांड्यांवर नाव कोरणाऱ्या माणसासारखी मी त्या वह्यांवरून बोट फिरवत बसले होते आणि मला कळत होतं मी काय करतेय. राग होता तो त्या टोरांटोच्या बाईवर, ग्रेडनवर, यंत्रावर. हात मात्र मार्लिनच्या खिशात होता.

आणि मग मी बर्फाच्या वादळावर आले. चार वर्षांपूर्वीचं. शहर बंद, रस्ते बुजलेले, कचेरीपर्यंत कुणी पोचलं नाही. मार्लिननं तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून सगळं चालवलं, स्वतःच्या फोनवर, एका हातानं भात ढवळत. एका इमारतीत चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली आणि आत आठव्या महिन्यातली एक बाई, ओपल नावाची. मार्लिन तिच्याशी दोन तास दहा मिनिटं बोलत राहिली, चर्चमधली गाणी म्हणून दाखवली, दुसऱ्या फोनवर फर्गस नावाच्या आमच्या मेकॅनिकला शेजाऱ्याच्या बर्फगाडीवर बसवून तिथे पोचवलं. ओपलच्या मुलीचं नाव मार्लिन आहे. हे सगळं मला वहीतून कळलं, मी तेव्हा घरी स्टेफनबरोबर पत्ते खेळत होते. आणि मी फॉर्मवर लिहिलं: सोमवार, चार मार्चच्या हिमवादळात घरून संपूर्ण शहराचं काम सांभाळलं, अडकलेल्या गर्भवती महिलेची सुटका केली. आयरीन डूडा. लिहिताना ओपलला म्हणून दाखवलेली गाणीसुद्धा घालावीत का, असाही विचार केला. मग छापून काढलं आणि बुधवारी शांतपणे वाचून देऊ म्हणून ठेवून दिलं. शनिवार-रविवार मी चांगली झोपले. सोमवारी पाण्यात स्टेफननं दंड धरला, "आज सोमवार," म्हणाला, आणि मी "हो" म्हटलं आणि पुढचं तो म्हणायच्या आत बुडी मारली.

हे सगळं मी त्या न दुखणाऱ्या गुडघ्यांनी बसून आठवत होते तेवढ्यात ग्रेडन आला. साडेबारा झाले असतील. आज तो बसला, समोरच्या खोक्यावर. "मार्लिननं सोमवारीच सांगितलं मला," तो म्हणाला. "तिला नाव द्यायचं नाही. आज साडेअकराला गेली. तुला सांगितलं नाही का तिनं? मला वाटलं तुम्ही दोघी बोलला असाल." मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "मग आता तुझाच फॉर्म राहिला. औपचारिकता आहे. पाचच्या आत दे म्हणजे झालं." उठता उठता म्हणाला, "खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. दोघींतली एक निवडायची म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं."

सुटल्यासारखं. मलाही वाटलं, हे लिहून टाकते, लपवण्यात अर्थ नाही. एक क्षणभर माझ्या सगळ्या अंगातली गाठ सैल झाली. जागा माझी झाली होती आणि मार्लिनला काही कळायच्या आत झाली होती. तो फॉर्म ती कधी पाहणार नव्हती. दुसऱ्याच क्षणी मला प्रश्न पडला की फॉर्म ठेवलाय कुठे. पिशवीत पाहिलं, नव्हता. वरच्या खणात नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी मी काय केलं ते आठवायला लागले: दिवा बंद केला, इंजिन गोठू नये म्हणून लावलेली मोटारीची वायर भिंतीतून काढायला जायचं म्हणून हातमोजे घातले, त्याआधी कागद नीट जुळवले आणि ठेवले. कुठे ठेवले? अकरा वर्षं दर शुक्रवारी कागद जिथे ठेवते तिथे. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये. त्या ट्रेमध्ये ठेवलेला कागद म्हणजे दुसरीनं वाचायचा, तपासायचा आणि परत ठेवायचा. माझ्या हातानं माझ्या नकळत ते केलं होतं. जगात दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती.

कागद तिथेच होते. हिरव्या पेन्सिलीनं तपासलेले. पहिल्या ओळीपुढे, पाच दिवस हजर राहू शकाल का, 'हो', तिथे छोटीशी बरोबरची खूण आणि शेजारी तिच्या गोल अक्षरात: "स्टेफनचं काय ठरवलंस? सेलकर्क नको ग." पुढे भागांच्या कल्पनेला बरोबरची खूण. फेऱ्यांना खूण. एका आकड्यात मी चूक केली होती, सहाशे दहाऐवजी सहा हजार शंभर, ती दुरुस्त केलेली. प्रत्येक ओळीला तिनं खूण केली होती, जिथे नाव माझं आणि काम तिचं होतं तिथेही, आम्ही लिफ्टांच्या यादीला करतो तशीच. मी वादळापर्यंत आले. 'सोमवार' या शब्दाभोवती हिरवं वर्तुळ होतं. समासात लिहिलं होतं: "ताई, सोमवार माझा असतो हे टोरांटोला माहीत आहे. वार काढून टाक, नाहीतर पकडली जाशील." खाली: "आणि ओपलच्या सुटकेला दोन तास दहा मिनिटं लागली होती, ते घाल. चांगलं दिसेल."

मी तो कागद परत परत वाचला. फोन दोनदा वाजला, मी दोन्ही वेळा उचलला, एक मेकॅनिक पाठवला, एकाला थांबवलं, आणि पुन्हा वाचला. ती सोमवारी सकाळी या खुर्चीवर बसून, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले, हे वाचत असेल. काय वाटलं असेल तिला? पेन्सिल लगेच उचलली की आधी थोडा वेळ बसून राहिली? मग उठून ग्रेडनकडे गेली आणि नाव मागे घेतलं. मग आज निघताना खुर्ची वर केली. माझ्यावर ओरडली असती तर मला तिचा राग करता आला असता. मला रडू येईल असं वाटलं, ते आलं नाही. आला तो पुन्हा रागच. आता तो नेमका कुणावर आहे ते मला प्रथमच स्वच्छ दिसत होतं. आम्ही दोघी चांगल्या बायका नाही, साध्या आहोत. पण या टेबलावर अकरा वर्षांत आम्ही आपली एकही चूक दुसरीच्या अंगावर टाकली नव्हती. त्यांनी एक कागद पाठवला आणि आठ दिवसांत मला चोर केलं आणि तिला तो चोरीचा माल नीट बांधून द्यायला लावला. आणि वर त्याला म्हणायचं काय, तर एका जागेला एकच नाव बसतं.

तीन वाजता मी ग्रेडनच्या खोलीत गेले आणि कागद त्याच्यासमोर ठेवला. तो हसला, मग चष्मा लावला. "यावर खुणा आहेत, आयरीन. स्वच्छ प्रत दे ना."

"तपासलेला आहे," मी म्हटलं. "आमच्या टेबलावरून न तपासलेला कागद बाहेर जात नाही."

तो वाचत गेला. वादळापाशी थांबला. "वार काढून टाक म्हणजे?"

"म्हणजे मी खोटं लिहिलं, आणि जिचं काम चोरलं तिनं मला खोटं नीट लिहायला शिकवलं. वादळात मी पत्ते खेळत होते, ग्रेडन. आणि पाच दिवसांचं 'हो' आहे ना, तेही खोटं. सोमवारी मी येत नाही. कधीच येणार नाही."

त्यानं दार लावून घेतलं. "हे बघ, खाली बस. तुला जागा मिळालीय. हे मी टोरांटोला पाठवलं तर तुझीही जाईल. तिची गेलीच आहे. बाहेरून कुणाला तरी घ्यावं लागेल, सहाशे लिफ्टा कोण सांभाळणार? कशासाठी करतेयस हे?"

"सहाशे दहा," मी म्हटलं. "आणि तूच सांग ना त्यांना. वर भांडलास म्हणतोस, मग हा कागद दाखवून भांड. त्यांना विचार, पगार एक देऊन अशी दोन माणसं त्यांना आणखी कुठे मिळतात. सोफ्यावर बसून विचारलंस तरी चालेल."

तो कागदावर हात ठेवून बसला. पाठवेल की फाडेल, मला माहीत नाही. मी निघाले तेव्हा तो म्हणाला, "मग सोमवारी त्या टेबलावर कोण असणार आहे?" उत्तर माझ्याकडे होतं, पण ते मला त्याला द्यायचं नव्हतं.

मार्लिनला फोन केला, तिनं उचलला नाही. रे आज रात्री येणार, ती बाजारात असेल, किंवा फोनकडे बघत बसली असेल. उरलेली दुपारभर मी काम केलं. कोरिडन रस्त्यावरच्या वृद्धाश्रमाची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर दार उघडत नाही, फर्गसला पाठवलं. पाच वाजता निळी वही उघडली. तिच्या बाजूला आज सकाळपर्यंतचं सगळं लिहिलेलं होतं, नेहमीसारखं, एकही लिफ्ट न सोडता. निरोपाचा एक शब्द नव्हता. मी दांडी ओढली आणि खुर्ची खाली केली, मार्लिनच्या उंचीपर्यंत. बसले. गुडघे खणावर आपटले, जोरात, आणि मी शिवी हासडली; कुणी हसलं नाही. मग वहीत लिहिलं: मार्लिन, सोमवारसाठी. कोरिडन वृद्धाश्रम, दुसरा मजला, फर्गस गेलाय, सकाळी विचारून घे. नदीपलीकडच्या दवाखान्याचा भाग गुरुवारी येतोय, मी बघते. आजचं सूप राहिलं, पुढच्या बुधवारी माझं. फॉर्म तू तपासलास तसाच दिला. सोमवार काढला नाही.